गिअरमध्ये आहे ना?

ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स न उघडता आत काय बिघडलंय ते सांगणारा माणूस त्या सबंध पट्ट्यात एकच होता आणि त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. लांब पान्याचं एक टोक बॉक्सवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि "तिसऱ्याचा दात गेलाय" असं सांगून चहा मागवायचा. बॉक्स उघडल्यावर तिसऱ्याचा दात गेलेला असायचाच. आता अशा माणसाला थोडीफार घमेंड असणारच. मिस्त्रींना थोडीफार नव्हती, चांगली पोतंभर होती.

चाळीस वर्षांत त्यांनी शंभरेक जणांना ट्रॅक्टर शिकवला असेल. फुकट शिकवायचे, पण शिव्या मोजून घ्याव्या लागायच्या. आणि त्यांचा पहिला धडा कायम एकच. उतारावर ट्रॅक्टर उभा केला की इंजिन बंद करायचं, गिअर टाकायचा आणि खाली उतरायचं. "हँडब्रेकच्या नादी लागायचं नाही," ते म्हणायचे. "ती नुसती तार. आज ताणलेली, उद्या लोंबतेय. गिअर म्हणजे लोखंडात लोखंड. चाक फिरायचं म्हटलं तर अख्खं इंजिन फिरवावं लागेल त्याला. एकदा गिअरमध्ये लावला की कुणाचा बाप आला तरी हलत नाही."

जुन्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत हे खोटं नव्हतंच. त्यांच्या हाताखालून गेलेला एकही ट्रॅक्टर आजवर घरंगळला नव्हता आणि हे ते दिवसातून एकदा तरी ऐकवायचे.

हाच धडा त्यांनी धाकट्या मुलीला दिला. तिला घरात सगळे बारकी म्हणत. सोळा वर्षांची असताना बारकीने एकदा चुकून हँडब्रेक अर्धवट ओढलेला ठेवून तासभर ट्रॅक्टर चालवला. ब्रेकचे लायनर जळून धूर निघाला. मिस्त्रींनी गॅरेजातल्या चार माणसांदेखत तिच्या हातावर फाडकन चापट मारली. पोरगी रडली नाही, पण तेव्हापासून तिचा हात त्या दांडीकडे कधी गेला नाही. आता ती सव्वीसची होती, बापासारखीच हुशार आणि बापाहून हट्टी.

तिच्या सवयीही सगळ्या बापाच्याच. कामाला बसली की कानात कापसाचे बोळे. डबा खाल्ला की दहा-पंधरा मिनिटं झोप, आणि झोपायचं ते ट्रॅक्टरच्या समोर, सावली बघून. "मागं किंवा खाली झोपलीस आणि कुणी येऊन चालू केला तर?" मिस्त्री सांगायचे. "समोर झोपलं की चालवणाऱ्याला दिसतं." यातही काही खोटं नव्हतं. फक्त ट्रॅक्टरला कुणी तरी चालवणारा लागतो, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

तीन महिन्यांपूर्वी बारकीला टेकडीवरच्या नर्सरीत नोकरी लागली. तिथं पायऱ्यापायऱ्यांनी रोपांचे वाफे, मधून अरुंद वाटा, आणि माती-कुंड्या वाहायला एक छोटा, बऱ्यापैकी वापरलेला ट्रॅक्टर. पेडलवाला. पुढचं पेडल दाबलं की पुढं, मागचं दाबलं की मागं. क्लच नाही, दर वळणावर गिअर बदलणं नाही. हाय आणि लो अशी दोनच खाचांची एक दांडी, मध्ये न्यूट्रल, बस्स. बारकीने कौतुकाने सांगितलं तेव्हा मिस्त्रींनी नाक मुरडलं. "हे काय शिलाई मशीन आहे?" म्हणाले. असला ट्रॅक्टर त्यांनी जन्मात उघडला नव्हता. पण हे कबूल करायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं असतं.

रविवारी दुपारी जेवताना बारकी म्हणाली, "बाबा, आमचा ट्रॅक्टर आपोआप हलतो."

"इंजिन बंद असताना?" मिस्त्रींनी घास चावत विचारलं.

"बंद असताना. किल्ली माझ्या खिशात असताना. बुधवारी नळापाशी उभा केला, परत येऊन बघते तर पाण्याचा पाइप चाकाखाली. शुक्रवारी दोन कुंड्या फुटल्या. मी चांगला हातभर लांब लावला होता हो! आवाज नाही, धक्का नाही. सकाळी मुद्दाम बघत उभी राहिले तर जागचा हलला नाही. दुपारी नजर काढली की सरकतो. वॉचमन म्हणतो, आधीचा ड्रायव्हर याच धास्तीने सोडून गेला."

"अगं बाई!" आई म्हणाली. "सोड ती नोकरी. उद्यापासून जाऊ नकोस."

मिस्त्री हसायला लागले. ठसका लागेपर्यंत हसले. "भूत! अगं, त्या भुताला विचार, लायसन आहे का म्हणावं!"

"बाबा, हसू नका. मला खरंच भीती वाटते."

हे तिने हळू आवाजात म्हटलं. बारकी असं कधी म्हणत नसे, पण मिस्त्रींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते डोळे पुसत होते.

"गिअरमध्ये लावतेस ना?"

"लावते. लो मध्ये."

"हँडब्रेकला हात?"

"नाही लावत."

"मग झालं तर! तो वॉचमनच ढकलत असेल चेष्टेने. तू दुपारची निवांत झोप."

सोमवारभर त्यांनी भुताच्या लायसनचा विनोद गॅरेजात येईल त्याला ऐकवला.

मंगळवारी पाऊणच्या सुमाराला पोल्ट्रीवाला आला. त्याला ट्रॅक्टर घ्यायचा होता आणि दुकानदार तोंडाला येईल ते इंग्रजी सांगून त्याला चक्रावून सोडत होता. मिस्त्रींना एवढंच हवं होतं. त्यांनी त्याला टायरवर बसवलं, चहा दिला आणि बोटांवर मोजत सुरुवात केली.

"पहिला स्लायडिंग मेश. आजोबांच्या काळातला. आतलं चाक सरकत जाऊन दुसऱ्यात अडकतं. चालता चालता बदलायला गेलास तर दात पाडून घेशील. थांबायचं, क्लच, मग गिअर. नांगराला उत्तम, कारण नांगराला दिवसभर एकच गिअर. तुझ्या कामाला भिकार. त्याच्या पुढचा कॉन्स्टंट मेश. यात चाकं कायम एकमेकांत अडकलेली असतात, सरकते ती मधली कडी. खरखर कमी, आयुष्य जास्त. मग सिंक्रोमेश. त्यात पितळेची रिंग असते, ती आधी दोघांचा वेग जुळवते आणि मगच गाठ मारते."

"लग्न जुळवणाऱ्या मावशीसारखी," पोल्ट्रीवाला म्हणाला.

"तसंच समज. ट्रॉली घेऊन रस्त्याने जाणाऱ्याने तो घ्यावा, न थांबता गिअर बदलतो. पण तुझं काम काय? शेडमधलं खत लोडरने उचलायचं. दिवसात दोनशे वेळा मागं-पुढं. तुला शटल पाहिजे. स्टिअरिंगखाली एक दांडी, पुढं ढकलली की पुढं, ओढली की मागं."

"आणि तो पेडलचा? दुकानदार त्याच्यावरच भर देतोय."

"हायड्रोस्टॅटिक." मिस्त्रींनी तोंड वाकडं केलं. "तो तेलावर चालतो. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, तेल मोटर फिरवतं, मोटर चाकं फिरवते. क्लच नाही, गिअर नाही. बागेत, अरुंद जागेत ठीक आहे. बाकी बायकापोरांचं खेळणं."

"माझ्या शेडसमोर उतार आहे. उतारावर उभा राहतो का तो?"

"न राहायला काय झालं? इंजिन बंद करायचं, गिअरमध्ये लावायचा. कुणाचा बाप आला तरी—"

"कुठल्या गिअरमध्ये?" पोल्ट्रीवाल्याने साधेपणाने विचारलं. "आत्ताच म्हणालात ना, गिअर नाही म्हणून?"

मिस्त्रींना बारकीची ती दोन खाचांची दांडी आठवली.

लो. लो म्हणजे लोखंडात लोखंड, बरोबर. पण ती दांडी फक्त मोटरला चाकांशी जोडते. मोटरच्या पलीकडे काय आहे? इंजिन नाही. तेल आहे. बंद नळीतलं तेल. ते चाकाला धरून ठेवतं, पण तेलाला फट सापडली की ते झिरपणार. पंप वापरून झिजलेला असला तर जास्त झिरपणार. गरम होऊन पातळ झालं तर आणखी जास्त. सकाळी गार तेलावर ट्रॅक्टर जागचा हलणार नाही. दुपारी, चार तास राबल्यावर, मागे भरलेली ट्रॉली असताना, तो इंच इंच सरकणार. आवाज न करता. नजर काढली की सरकतो म्हणाली होती पोरगी.

पाइप. कुंड्या. लो मध्ये लावते. हँडब्रेकला हात नाही लावत. निवांत झोप.

त्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. एक वाजून आठ मिनिटं. एकला नर्सरीत जेवणाची सुट्टी होते.

"मिस्त्री, घाम काय फुटलाय? बरं वाटत नाहीये का?"

मिस्त्रींनी फोन लावला. बारकीचा फोन वाजत राहिला. कुठं वाजत होता हेही त्यांना माहीत होतं, सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत. कामावर फोन पेटीत ठेवायचा, हेही त्यांनीच शिकवलेलं. मग नर्सरीच्या ऑफिसला लावला. तिथल्या बाईंनी "कोण बोलतंय?" विचारलं, "सगळे जेवायला गेलेत, दोनला करा" म्हणाल्या आणि मिस्त्री "अहो बाई, ट्रॅक्टर" एवढं म्हणेपर्यंत ठेवूनही दिला.

"तुझी गाडी काढ," ते पोल्ट्रीवाल्याला म्हणाले. "टेकडीवर. नर्सरीत. लवकर काढ रे बाबा, पाया पडतो तुझ्या!"

मिस्त्रींनी आजवर कुणाला पाया पडतो म्हटलं नव्हतं. पोल्ट्रीवाल्याने चहाचा कप टायरवरच ठेवला.

चार किलोमीटरचा रस्ता. मागच्या सीटवर मिस्त्री हिशेब करत होते, करायचा नव्हता तरी. कुंड्यांपासून हातभर लांब लावला होता. ती परत येईपर्यंत किती वेळ, पंधरा मिनिटं? म्हणजे पंधरा मिनिटांत हातभर. पण तेव्हा ट्रॉली रिकामी असेल. भरलेली असली तर? ती किती लांब बसते? सावली कुठं असते दुपारी? वाटेत एक ट्रक मागे घेत होता, त्याने अख्खा रस्ता अडवला होता. पोल्ट्रीवाला हॉर्न वाजवत राहिला, ट्रकवाला आरशात बघून केस सारखे करत राहिला. मिस्त्री उतरून ट्रकच्या दारावर मुठी आपटायला लागले. ट्रकवाल्याने शिवी देण्यासाठी तोंड काढलं आणि या माणसाचा चेहरा बघून गुपचूप ट्रक बाजूला घेतला.

नर्सरीच्या फाटकावर वॉचमनने वही पुढे केली. मिस्त्री वहीकडे न बघता पुढे पळाले.

सगळीकडे सामसूम. वाफ्यांवर हिरवी जाळी ताणलेली, नळ बारीक ठिबकत होता. शेवटच्या पायरीवरून खाली एक काँक्रीटचा उतार जात होता, दोन्ही बाजूंना कमरेएवढी भिंत, आणि तळाशी पाण्याचा मोठा दगडी हौद. उतारावर नाक खाली करून ट्रॅक्टर उभा होता. मागे मातीने भरलेली ट्रॉली. आणि हौदाच्या भिंतीच्या सावलीत, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब सोडून बारकी बसलेली. मान एका बाजूला कललेली. मांडीवर रिकामा डबा.

ट्रॅक्टर स्थिर होता. मिस्त्रींच्या जिवात जीव आला. हुश्श करून ते गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. उगाच घाबरलो, पोरगी हसेल आता, आणि हसू दे, जन्मभर हसू दे.

तेवढ्यात त्यांची नजर मागच्या चाकाच्या पुढ्यातल्या एका खड्यावर गेली. आवळ्याएवढा खडा. अर्धा दिसत होता. ते बघत असतानाच तो पाव दिसायला लागला. मग दिसेनासा झाला.

"बारके!"

ती हलली नाही. कानात कापूस होता. तिचे पाय घोट्यांपासून गुडघ्यांपर्यंत पुढच्या दोन चाकांच्या मध्ये गेलेले होते. ट्रॅक्टरच्या नाकावरचं लोखंडी वजन तिच्या डब्यापासून वितीच्या अंतरावर आलेलं.

मिस्त्री बासष्ट वर्षांच्या पायांनी उतारावरून धावले. ट्रॉलीच्या बाजूच्या चिंचोळ्या जागेतून अंग खरवडत गेले आणि सीटवर चढले. आणि चढताक्षणी त्यांचा हात, चाळीस वर्षं जे करत आला तेच करायला, आपण होऊन गिअरच्या दांडीकडे गेला. ट्रॅक्टर सरकतोय, गिअर टाक. डोकं नको म्हणत होतं आणि हाताने दांडी ओढलीसुद्धा. लो सुटलं. दांडी न्यूट्रलमध्ये आली.

आता तेलाचाही आधार उरला नाही. ट्रॉलीने मागून रेटलं आणि मगापासून घड्याळाच्या काट्याच्या चालीने चाललेला ट्रॅक्टर एकदम मोकळा सुटला. मिस्त्रींनी अंगातलं सगळं वजन ब्रेकच्या पेडलवर टाकलं. चाकं कुरकुरली. पत्रा चेपल्याचा आवाज आला आणि त्याबरोबरच बारकीची किंकाळी.

ट्रॅक्टर थांबला. पाण्याच्या नळाची टिपटिप तेवढी.

"बारके? ए बारके! बोल काहीतरी!"

"बाबा?" नाकाच्या पलीकडून घोगरा आवाज आला. "बाबा, हे काय... डबा... डबा पोटात रुतलाय."

"श्वास घेता येतोय?"

"येतोय. थोडा."

"हलू नकोस. नाही, हल. बाजूला सरक. हळूहळू. मी ब्रेकवर आहे."

पोल्ट्रीवाला धापा टाकत खाली आला आणि कुणी न सांगता कडेचे दगड उचलून चाकांखाली ठोकू लागला. पण भरल्या ट्रॉलीपुढे दगडांचं काय, हे मिस्त्रींना माहीत होतं. पाय काढायची हिंमत होत नव्हती. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, सीटच्या बाजूला चाचपून बघितलं. ज्या माणसाला अख्खा तालुका ट्रॅक्टरचं विचारायला यायचा, त्याने रडवेल्या आवाजात विचारलं, "हँडब्रेक कुठंय गं?"

"मला काय माहीत!" हौदाच्या भिंतीला घासत, अर्धी बाहेर आलेली बारकी ओरडली. "तुम्ही कधी हात लावू दिलात?"

शेवटी पोल्ट्रीवाल्यालाच दिसला. डाव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला, लाल रंगाची आखूड दांडी. वर बोटभर मातीचा थर. कुणी कधी ओढलाच नसावा. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी ओढला. कर्र कर्र करत तो वर आला आणि त्यांनी ब्रेकवरचा पाय जरासा, अगदी जरासा उचलून बघितला. ट्रॅक्टर जागचा हलला नाही. दांडीशेजारी एक पिवळा कागद चिकटवलेला होता, त्यावरचीही माती त्यांनी अंगठ्याने पुसली. उभा करताना हँडब्रेक ओढा, एवढंच लिहिलेलं होतं.

ते खाली उतरले आणि तिथंच काँक्रीटवर बसले. बारकी समोर उभी होती, पोट धरून, कपड्यांना माती, चेहरा पांढराफटक. हाडं शाबूत होती. तिने कानातले कापसाचे बोळे काढले आणि बापाच्या पुढ्यात टाकले.

"दिसलं का भूत?" ती म्हणाली.

"चुकलो गं," मिस्त्री म्हणाले. "मला माहीत नव्हतं. हा ट्रॅक्टर मला माहीतच नव्हता. माहीत नाही म्हणायची लाज वाटली मला."

"मी सांगितलं होतं, भीती वाटते म्हणून."

"हो."

"तुम्ही हसलात."

मिस्त्रींना रडू फुटलं. बारकी मग त्यांच्या शेजारी बसली, पण त्यांना हात लावला नाही. चेपलेला डबा तिने उचलला, उघडून बघायचा प्रयत्न केला, झाकण निघेना. पोल्ट्रीवाला उगाचच आणखी एक दगड आणायला गेला.

थोड्या वेळाने मिस्त्रींनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि खिशातून फोन काढला.

"आता कुणाला?" बारकीने विचारलं.

"शंभर जणांना शिकवलंय मी. पेडलवाला कुणाकुणाकडे गेलाय ते आठवतोय." ते फोनमध्ये नंबर शोधू लागले. "शाळेचं मैदान बघतो तो. दवाखान्याच्या बागेतला माळी. आणि फळबागेवरच्या त्या दोघी बहिणी."

बारकीने फोन त्यांच्या हातातून घेतला, पहिला नंबर लावला आणि स्पीकर चालू करून दोघांच्या मध्ये धरला. मैदानवाल्याने लगेच उचलला. तो जेवत होता.

"ट्रॅक्टर कुठं उभा आहे तुझा?" मिस्त्री ओरडले. "उतारावर आहे का? आधी हँडब्रेक ओढ जाऊन!"

पलीकडे तो हसला. तोंडात घास असताना हसतात तसा, मिस्त्री रविवारी हसले तसाच. "काय मिस्त्री, भर दुपारी परीक्षा घेताय का? तुमचाच चेला आहे मी. गिअरमध्ये लावलाय. कुणाचा बाप आला तरी हलत नाही."

"अरे गाढवा, गिअर नाहीये त्याला! ऊठ! मी चुकीचं शिकवलं, ऊठ आधी!"

पलीकडचं हसू थांबलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग धावणारी पावलं, मग बराच वेळ काही नाही. मग त्याचा आवाज आला, हळू. "ओढला मिस्त्री. कुंपणाला टेकला होता."

बारकीने दुसरा नंबर लावला, बहिणींचा. दोघी बागेत उतारावर काम करत आणि दुपारी ट्रॅक्टरच्या समोर, सावली बघून झोपत. रिंग जात होती. बारकीने बापाचा हात घट्ट धरला. रिंग जात होती, आणि पलीकडे कुणी उचलत नव्हतं.